उत्कर्षाच्या दंडावरचा हात

१

माझ्या ओपीडीत पोर आलं की आधी त्याचे कपडे उतरवायचे, असा नियम आहे. खोकला असो, जुलाब असो, नाहीतर शाळेसाठी नुसता सहीचा कागद हवा असो, चड्डीवर उभं करायचं आणि पुढून-मागून बघायचं. आया कुरकुरतात. एकदा एका आजीनं मला ऐकवलंच, ‘आवं डॉक्टरीणबाई, खोकला छातीत हाय, पाठीत काय बघताय?’ मी म्हटलं, पाठ खोटं बोलत नाही म्हणून बघते. कराडात इतकी वर्षं काढली, त्यात माझ्याबद्दल दोनच गोष्टी पसरल्या. एक, दीपमाला मॅडमच्या हाताला गुण आहे. दुसरी, बाई लय संशयी आहे. दोन्ही ऐकून मला बरंच वाटायचं.

उत्कर्षा त्या सकाळी खोकल्यासाठीच आली. शिराळ्याच्या बाजूचं गाव, उसाचं रान, बाप फौजेत. पोरगी सहा-सात वर्षांची, दोन वेण्या घट्ट घातलेल्या. बरोबर आजी धोंडुबाई आणि आई रेश्मा. फ्रॉक उतरवला आणि डाव्या दंडावर मला हात दिसला. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा, सगळं निळसर पडलेलं. कुणीतरी दंड धरून दाबला होता आणि चांगला दम लावून दाबला होता.

काय झालं म्हणून विचारलं, तर धोंडुबाई म्हणाली, पडली. आमच्या धंद्यात हा शब्द मी जितका ऐकला असेल तितका दुसरा कुठला ऐकला नसेल. हात मोडला तरी पडली, ओठ फुटला तरी पडली. मी म्हटलं, ‘आजी, जमिनीला बोटं नसतात.’ म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. मार खाल्लेलं पोर एकतर जमिनीकडं बघतं, नाहीतर मारणाऱ्याच्या हाताकडं. ही माझ्या डोळ्यांकडं बघत होती. माझी नजर तिच्या आईकडं वळली तशी ती पोरगी खुर्चीत आक्रसली आणि तिनंही आईकडं बघितलं. मी त्यातून मला हवा तो अर्थ काढला.

रेश्मा कोवळ्या वयाची होती. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. गळ्यात मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात चांदीचा गोल टाक लोंबत होता, त्यावर उभी बाई उठवलेली. तो बघितला आणि मला सगळं कळलं. आमच्याकडं दुसरेपणावर दिलेली बायको मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालते. आधी तिला घास दाखवायचा, मग आपण जेवायचं. म्हणजे ही सावत्र आई. गावातल्या कुठल्याही पारावर बसलेल्या माणसाला जे सुचलं असतं तेच मला सुचलं, फक्त माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप होता.

छाती भरलीय असं सांगून मी पोरीला ॲडमिट करून घेतलं. रेश्माला म्हटलं, तू घरी जा, आजी राहू दे. तिनं वाद घातला नाही. दारातून वळून तिनं पोरीकडं बघितलं आणि जिना उतरून गेली.

२

संध्याकाळी चहाला डॉक्टर जयराज माझ्या केबिनमध्ये आला. तो माझ्याच हॉस्पिटलात काम करतो, पोरगा हुशार आहे, आणि त्याचं आजोळ शिराळ्याकडचं. त्यानं ते घर ओळखलं. म्हणाला, विश्वजितचं घर आहे ते, फौजी माणूस, गावात जत्रेचा मान आहे, असल्या घरात हे होत नाही. बिब्बा लावला असेल, किंवा रक्ताचा काही आजार असेल, आधी ते बघू.

मी म्हटलं, ‘जयराज, बिब्ब्याला पाच बोटं कधीपासून फुटली?’

तरी रक्त पाठवलं. त्याचं एक बरोबर होतं, आधी आजार नाही हे बघायचं असतं. मग मी पोलिसांनाही कळवलं, कारण ते कळवणं भाग असतं. संशयित म्हणून कुणाचं नाव घातलं नाही. मनात मात्र नाव पक्कं होतं, आणि त्याचा मला जरासुद्धा संकोच वाटत नव्हता.

सकाळी राउंडला गेले तर अंकिता सिस्टर वॉर्डच्या दारातच उभी. तिनं मला पोरीपाशी नेलं आणि उजवी बाही वर केली. उजव्या दंडावर दुसरा हात होता. हा निळा नव्हता, ताजा होता, लाल आणि सुजलेला. बोटांच्या खाली, जिथं मारणाऱ्याचं मनगट टेकावं तिथं, बारीक वाकड्या रेषांची एक ओळ होती.

‘मॅडम, बांगड्या,’ अंकिता हळूच म्हणाली.

मी अंकिताला माझा संशय सांगितला नव्हता. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळावं तसं वाटलं. पोरगी माझ्याकडं बघत होती आणि मला बरं वाटत होतं.

मग डोकं चालायला लागलं. रेश्मा आली कधी? वॉचमनला विचारलं, कॅमेऱ्यात बघितलं. ती काल उजेड असतानाच एस्टी स्टँडकडं गेली होती आणि परत आली नव्हती. जयराजनं गावात फोन लावला. त्याचा मामा म्हणाला, रेश्मा रात्री घरात होती, आत्ता पहाटे डेअरीला दूध घालून गेली.

३

तर मग आजी. खोलीत दुसरं होतं कोण?

बांगड्यांचं काय, असं कुणी विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर तयार होतं. कालचाच वळ असेल, माझ्या नजरेतून सुटला असेल, रात्रीतून वर आला असेल. कपडे उतरवून बघणारी मी, माझ्या नजरेतून अख्खा हात सुटला असं मी स्वतःलाच पटवत होते. माणसाला एकदा कुणावर तरी ठपका ठेवायचाच असला की तो काहीही पटवून घेतो.

धोंडुबाईचे हात मी आता नीट बघितले. विधवा बाई, मनगटं मोकळी, तळवे राठ. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्ध्यातच संपलेलं होतं. तिनं न विचारताच सांगितलं, कडबाकुट्टीत गेलं, पोरगा लहान होता तवा. मी तिला बाहेर पॅसेजमध्ये बसायला लावलं आणि दुपारी स्वतः पोरीपाशी खुर्ची टाकून बसले. बसायच्या आधी तिची पाठ बघितली. पाठ स्वच्छ होती.

दुपारची खोली. पंखा फिरताना एका ठिकाणी टक् करायचा. खालून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते, ते लांब गेले की पुन्हा तो टक् ऐकू यायचा. पोरगी कुशीवर पडून माझ्याकडं बघत होती. मी तिला शाळेचं विचारलं, बाईंचं नाव विचारलं, मांजर पाळलंय का विचारलं. आल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, आताही बोलली नाही.

दाराच्या काचेपलीकडं धोंडुबाई येऊन उभी राहिली. नात झोपली का ते बघत असावी. तिनं काचेच्या पट्टीवर हात टेकला. ते अर्धं बोट मला दिसलं आणि मनात आलं, हीच ती.

मागं आवाज झाला. ओला कपडा दगडावर आपटल्याचा येतो तसा, पण लांबून आल्यासारखा. मी वळले. पोरीचा श्वास अडकला होता आणि तिनं उशीचा कोपरा दातात धरला होता. मी तिचा फ्रॉक वर केला. पाठीवर चापट उठत होती. उठत होती म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत उठत होती, तेलात पुरी फुगावी तशी हळूहळू भरत गेली. तीन बोटं लांब, अंगठा बाजूला, आणि पहिल्या बोटाच्या जागी एक आखूड खुंट.

धोंडुबाई काचेपलीकडं तशीच उभी होती. तिच्या आणि पोरीच्या मधे बंद दार होतं, आणि मी होते.

४

मी देवधर्म फारसा मानत नाही आणि भुताखेतांवर बोलणाऱ्यांना बाहेरचा रस्ता दाखवते. म्हणून मी तपासायला लागले. काहींची कातडी अशी असते की जराशी ओरखडली तरी रेघ उठते. पोरीच्या हातावर चमच्याच्या दांड्यानं रेघ ओढून बघितली, काही उठलं नाही. रक्ताचे रिपोर्ट आले, सगळे ठीक. जयराजला एकट्याला तपासायला लावलं. तो बराच वेळ आत होता, बाहेर येऊन म्हणाला, जुने वळ आहेत तेवढेच, नवीन काही नाही, मॅडम तुम्ही दमलाय. जयराजचा त्या घरात कुणावरच संशय नव्हता. तो आत असताना काही झालं नाही, हे मी ऐकलं आणि पुढं विचार करायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी रेश्मा डबा घेऊन आली. मी तिला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. मला वाटलं होतं रडेल, पाया पडेल, शपथा घेईल. ती बसलीसुद्धा नाही. डबा छातीशी धरून उभ्यानंच बोलली.

‘मॅडम, एक विचारू? तुमी माझ्याकडं बघितलं, तवा तिच्या अंगावर बांगड्या उठल्या. आत्यांकडं बघितलं, तवा आत्यांचं बोट उठलं. आता कुणाकडं बघणार हाय?’

हे तिला कुणी सांगितलं? अंकितानं सांगितलं असेल, म्हातारीनं बघितलं असेल. मी तिला म्हटलं, फार शहाणपणा करू नकोस. माझाच आवाज मला पातळ वाटला. मग मी खरं विचारायचं ते विचारलं. हे सगळं राहू दे, पहिला हात कुणाचा होता ते सांग. मी तुला बघायच्या आधी, मी काही मनात आणायच्या आधी, डाव्या दंडावर जो निळा पडला होता, तो कुणाचा?

रेश्मानं आधी दाराकडं बघितलं. दार बंद होतं. मग तिचा हात गळ्याशी गेला आणि तिनं तो टाक मुठीत धरला.

माझी नजर त्या मुठीवर गेली. माझ्या मनात काय आलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. शिकलेली बाई मी, भर दुपारी, समोर चहाचा कप, आणि मला मेलेल्या बाईचा संशय आला.

‘त्या माउलीला तरी सोडा, मॅडम,’ रेश्मा म्हणाली.

तेवढ्यात वॉर्डातून अंकिताची हाक आली. पोरीच्या गळ्याखाली, दोन हाडांच्या मधल्या खळग्यात, एक गोल ठसा होता. कडेला उंच गोल रेघ, आत पुसट उभी बाई. अंकितानं त्यावर बोट ठेवलं आणि झटकन मागं घेतलं. मग मी ठेवलं. पोरीच्या अंगात ताप होता, ती तेवढीच जागा गार होती.

५

त्यानंतर मी वॉर्डात जायचं बंद केलं. जयराज बघायचा. मी गेले नाही तोवर नवीन काही उठलं नाही, खोकलाही उतरला. मला वाटलं, चला, माझ्या एकटीचाच हा रोग आहे, मीच लांब राहिले की झालं. पण मग एका सकाळी अंकिता मला सांगायला लागली की झाडूवाली रंगुबाई पोरांशी फार दांडगाईनं वागते, तिच्यावर जरा लक्ष ठेवायला हवं, तुम्हाला काय वाटतं. तिचं बोलणं संपायच्या आत वरून पोरीचं कण्हणं ऐकू आलं. पोटरीवर झाडूच्या काड्यांचे ओरखडे होते. मी अंकिताची ड्यूटी खाली लावली आणि कारण सांगितलं नाही.

माझी अवस्था अशी झाली होती. संशय घेतला तर पोरीला लागत होतं. न घेतला, तर तो पहिला हात ज्याचा होता तो मोकळा सुटत होता आणि पोरगी त्याच घरी परत जाणार होती. पहिला हात खरा होता. तो माझ्या मनातून आलेला नव्हता, तो माणसाचा होता, हाडामांसाच्या माणसाचा. तेवढं एक मला पक्कं माहीत होतं, आणि त्याचाच विचार करायची मला चोरी झाली होती. भीती वाटायची. घरी भाजी निवडतानासुद्धा मन तिकडं गेलं की मी मोठ्यानं पाढे म्हणायला लागायचे. नवऱ्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं.

कागद मात्र पुढं सरकले होते. मीच कळवलं होतं, आता ते माझ्या हातात नव्हतं. पोरगी घरी द्यायची का बालगृहात ठेवायची, हे सांगलीला बालकल्याण समितीपुढं ठरणार होतं, आणि डॉक्टर म्हणून मला तिथं बोलावलं होतं.

६

खोली साधीच होती. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, वर दोन पंखे. अध्यक्षबाई समजूतदार दिसत होत्या. दोन सदस्य, एक पोलीस बाई. भिंतीकडेला बाकावर रेश्मा आणि धोंडुबाई. पोरीला मधोमध स्टुलावर बसवलं होतं, पाय जमिनीला पुरत नव्हते.

पोरीचा बाप विश्वजित रजा काढून आला होता. ताठ माणूस, बारीक कापलेले केस, बोलणं मऊ. सगळ्यांना त्यानं जय हिंद केलं. त्यानं सांगितलं की तो सुट्टीवर घरी होता, पोरीला खोकला झाला त्याच्या आदल्याच दिवशी ड्यूटीवर गेला, आणि तिकडं पोचतोय तोवर फोन आला. अध्यक्षबाईंनी त्याला खुर्ची द्यायला लावली. एका सदस्यानं पाणी पुढं केलं, पोस्टिंग कुठं असतं म्हणून विचारलं, बर्फ फार असतो का म्हणून विचारलं. माझ्या शेजारची खुर्ची मोकळी होती, त्यावरची पर्स उचलून मीच त्याला जागा करून दिली.

मग अध्यक्षबाई माझ्याकडं वळल्या. डॉक्टर, तुमचा संशय कुणावर आहे, असं त्यांनी सरळ विचारलं.

मी बाविसाचा पाढा धरला होता. बावीस दाही वीसशेदोनशे असं काहीतरी चुकीचं मनात म्हणत होते. मी बोलत नाही म्हटल्यावर त्या सगळ्यांनी आपापलं बघायला सुरुवात केली. एक सदस्य रेश्माच्या बांगड्यांकडं बघत होता. पोलीस बाई म्हातारीच्या तुटक्या बोटाकडं. दुसरा सदस्य माझ्याकडंच टक लावून होता, कारण नवे वळ माझ्याच हॉस्पिटलात उठले होते. अध्यक्षबाईंची नजर एकीवरून दुसरीवर जात होती आणि परत येत होती.

पोरीकडं कुणीच बघत नव्हतं. मी बघितलं.

तिच्या पाठीवरचा फ्रॉक आत गेला. एका जागी, तळव्याएवढा, आणि पुन्हा वर आला. मग खांद्याजवळ गेला. मग कमरेशी. पंख्याचं वारं असेल म्हणून मी वर बघितलं, तर तिच्या डोक्यावरचा पंखा बंद होता. कापड इकडं दबत होतं, तिकडं दबत होतं, दोन-दोन जागी एकदम, आणि ती पोरगी स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरून ताठ बसली होती. तोंडातून हूं नाही. माझ्या डाव्या कानात तो लांबचा ओल्या कपड्याचा आवाज एकामागून एक यायला लागला.

मी उठून उभी राहिले. ‘ती पडली,’ मी म्हटलं. ‘कुणी मारलं नाही. मी तपासलंय. तपासण्यात माझी चूक झाली होती. ती पडली.’

सगळ्या नजरा बाकावरून सुटल्या. पोरीचा फ्रॉक जागच्या जागी थांबला. अध्यक्षबाई मला बरंच काही बोलल्या. एवढ्या अनुभवी डॉक्टरनं असं करावं का, एका घराची अब्रू घालवायला निघाला होतात, वगैरे. मी मान हलवत गेले. हे ऐकून जयराज नंतर म्हणाला की इतक्या वर्षांत मॅडम कुणापुढं अशा वाकल्याचं त्यानं बघितलं नव्हतं. पोरगी घरी द्यायची असं ठरलं.

मला वाटलं होतं निदान रेश्माला तरी हायसं वाटेल. तिच्याकडं बघितलं तर तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती काहीतरी बोलायला उठली आणि विश्वजित उठला तशी परत खाली बसली. त्यानं माझ्यापुढं हात जोडले, म्हणाला, उपकार झाले मॅडम. मग पोरीला अलगद उचलून कडेवर घेतलं.

परतताना इस्लामपूरच्या अलीकडं उसाच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. गाडी बंद करून बसले होते. आणि तिथं मला कळलं की त्या घरातल्या प्रत्येक माणसावर मी संशय घेतला होता, मेलेलीलासुद्धा सोडलं नव्हतं, फक्त एक नाव माझ्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं. त्याला तर मी पर्स उचलून जागा दिली होती. ते नाव मनात पुरतं उमटायच्या आत मी रेडिओ लावला, आवाज मोठा केला, आणि रेडिओवाला जे बोलेल ते त्याच्याबरोबर मोठ्यानं बोलत सुटले. मला थांबायला हवं होतं, गाडी वळवायला हवी होती. मी वळवली नाही.

७

रेश्माचे फोन यायला लागले. रोज दुपारी, घरात कुणी नसताना करत असणार. मी उचलत नव्हते. ती काय सांगेल ते ऐकलं तर माझ्या मनात येईल, मनात आलं तर पोरीला लागेल, असं मी स्वतःला सांगायची. काही दिवसांनी फोन यायचे बंद झाले. का बंद झाले हेही मी मनात येऊ दिलं नाही.

पोरगी परवा पुन्हा ओपीडीत आली. खोकलाच होता. रेश्मा नव्हती, आजी नव्हती. बाप घेऊन आला होता. त्यानं आपणहून सांगितलं की आता तो पेन्शनीत निघालाय, कायमचा घरीच असतो, पोरीची शाळा-बिळा सगळं तोच बघतो. पोरीला स्टुलावर बसवून तो मागं उभा राहिला. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. दोन वेण्या घट्ट घातलेल्या. फ्रॉक लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बंद.

मी स्टेथोस्कोप फ्रॉकवरूनच ठेवला. मन कोरं ठेवायचं मला आता बऱ्यापैकी जमतं. श्वास ऐकायचा, बाकी काही नाही.

तेवढ्यात पोरगी बोलली. माझ्याशी पहिल्यांदाच. शाळेत कविता म्हणून दाखवावी तशी, एका दमात, स्पष्ट.

‘नका बघू मॅडम. बघितलं की दुखतंय.’

मी हात मागं घेतला. मागं घेता घेता माझ्या मनात प्रश्न आलाच. मला तो अडवता आला नाही. हे वाक्य तिचं आहे, की तिच्याकडून पाठ करून घेतलंय? आणि घेतलं असेल तर कुणी?

पोरगी कळवळली. तिचा खांदा खाली गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

खांद्यावर हात होता. त्या हातानं दाबलं म्हणून ती कळवळली, की माझ्या मनात तो आला म्हणून? डोळे वर करून बघितलं असतं तर बोटं दिसली असती. घट्ट झालीत की नुसती ठेवलीत, तेवढंच बघायचं होतं. बघायला एक क्षण लागला असता.

‘बघा की मॅडम,’ विश्वजित वरून म्हणाला. आवाज मऊ होता. ‘तुमी लय बारकाईनं बघता म्हणं. बघा, नीट बघा हिच्याकडं.’

मी मान वर केली नाही. खोकल्याचं औषध लिहिलं, दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर, आणि पुढचा पेशंट आत सोडायची बेल दाबली.